चार्ज कोणाच्या हाती

एम्प्रेस मिलचा विषय निघाला की नागपुरात जमशेटजी टाटांचं नाव निघतं, बेझनजींचं निघत नाही. १८७४ साली जमशेटजींनी ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ काढली, जुम्मा तलावाजवळची पाणथळ जागा भरून घेतली आणि १ जानेवारी १८७७ ला गिरणी सुरू केली. त्याच दिवशी राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं दिल्लीत जाहीर होत होतं, म्हणून नाव ‘एम्प्रेस’. यंत्रांची बाजू लँकेशायरच्या जेम्स ब्रुक्सबींकडे होती. अख्ख्या गिरणीचा कारभार मात्र जमशेटजींनी बेझनजी दादाभाई मेहता यांच्या हाती दिला. बेझनजी आले होते रेल्वेच्या माल खात्यातून. गिरणीचा अनुभव शून्य. कापसाच्या गाठी वॅगनमध्ये चढताना त्यांनी पाहिल्या असतील, पण त्या कापसाचं सूत कसं होतं याच्याशी त्यांचा कधी संबंध आलेला नव्हता.

आजच्या कुठल्याही निवड समितीने हा अर्ज पहिल्या चाळणीतच बाजूला काढला असता. ‘संबंधित क्षेत्रातील किमान पंधरा वर्षांचा अनुभव’ या रकान्यात लिहिण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. पण याच बेझनजींच्या हाताखाली एम्प्रेस मिलमध्ये रिंग स्पिंडलचे प्रयोग झाले, तेही लँकेशायरच्या जुन्या गिरण्या त्याकडे संशयाने बघत असताना. १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड आला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई आली. पदवीधर पोरांना उमेदवारीवर घेऊन, खात्याखात्यातून फिरवून कारभारासाठी तयार करायची पद्धतही याच गिरणीत पडली. टाटा समूहाने १९५६ साली टाटा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सर्व्हिस काढली, तिचं बी शोधायचं तर नागपूरच्या या गिरणीपर्यंत यावं लागतं. आणि रेल्वेतून आलेले बेझनजी पुढे सर बेझनजी झाले.

नोकरीत माणूस वर कसा जातो, काही जण वरच्या खुर्चीपर्यंत का पोचतात आणि तेवढेच हुशार, तेवढेच राबणारे दुसरे काही मधल्याच एका पायरीवर निवृत्त का होतात, हा या पुस्तकाचा विषय आहे. या विषयावरची पुस्तकं विमानतळावर ढिगाने मिळतात. त्यांतली बहुतेक माणसाच्या स्वभावाबद्दल बोलतात: आत्मविश्वास, संवादकौशल्य, पहाटे पाचला उठणं वगैरे. पहाटे उठण्याला माझी हरकत नाही. पण पाळीवर जाणारा प्रत्येक माणूस पहाटे उठतो आणि तो काही संचालक होत नाही. या प्रस्तावनेत मी एकच गोष्ट धरून बोलणार आहे. वरिष्ठ व्यवस्थापक तयार होतो तो लवकर, एकट्याच्या जबाबदारीवर, पूर्ण अधिकारांसह चार्ज मिळाल्याने. शिक्षण, ज्येष्ठता, गोपनीय अहवाल, बदली, जात, बाई असणं, वय, या सगळ्यांचा परिणाम अखेर एकाच ठिकाणी दिसतो: चार्ज कोणाला मिळाला आणि कितव्या वर्षी.

हे सगळं बघायला नागपूर बरं गाव आहे. इथे सिव्हिल लाइन्समध्ये वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय आहे, काटोल रोडला मॉइलचं. मध्य रेल्वेचा विभाग आहे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचाही; एकाच शहरात दोन विभागीय व्यवस्थापक (डीआरएम). नवे आयकर अधिकारी छिंदवाडा रोडवरच्या राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत घडतात. रिझर्व्ह बँक आहे, नीरी आहे, हिवाळ्यात चालणारं विधिमंडळ आहे, हिंगणा-बुटीबोरीचे कारखाने आहेत आणि आता मिहानमधल्या आयटी कंपन्या. शिड्यांचे इतके प्रकार एका शहरात क्वचित सापडतात. त्यातली मला सगळ्यात बोलकी वाटते ती कोळशाची.

कोळशाच्या खाणीत वर जाण्याच्या पायऱ्या कायद्यानेच कोरून ठेवल्या आहेत. सावनेर किंवा सिलेवाड्याच्या भूमिगत खाणीत एका पाळीत एका हिश्शाची जबाबदारी मायनिंग सरदाराची. छताला ठोकून आवाज ऐकणं, वायू तपासणं, धोका वाटला की माणसं मागे घेणं, हे त्याचं काम. त्याच्यावर ओव्हरमन. ओव्हरमनच्या वर सेकंड क्लास मॅनेजरचं प्रमाणपत्र असलेला असिस्टंट मॅनेजर आणि सगळ्यांच्या वर फर्स्ट क्लासवाला मॅनेजर. ही प्रमाणपत्रं कंपनी देत नाही, धनबादचं खाण सुरक्षा महासंचालनालय परीक्षा घेऊन देतं, आणि परीक्षेला बसायचं तर आधी खाणीत प्रत्यक्ष काम केल्याचा दाखला लागतो. मॅनेजरची नेमणूक झाली की ती महासंचालनालयाला कळवावी लागते. त्या क्षणापासून खाणीत काही बरंवाईट झालं तर जबाब त्या एका माणसाला द्यावा लागतो. तिशीतला पोरगा असो की पन्नाशीतला गृहस्थ, कायद्यापुढे खाण त्याची.

खाणीत मॅनेजरकी केलेला माणूस पुढे सब-एरिया मॅनेजर, एरियाचा जनरल मॅनेजर अशा वाटेने गेला की त्याच्या बोलण्यात एक फरक दिसतो. मीटिंगमध्ये तो ‘बघून सांगतो’ असं कमी म्हणतो. रात्री दोन वाजता पंप बंद पडला, पाणी चढतंय, वरच्या साहेबाचा फोन लागत नाही, अशा वेळी निर्णय घ्यायची सवय त्याच्या हाडात गेलेली असते. मुख्यालयात वीस वर्षं उत्तम टिपणं लिहिलेल्या माणसाला ही सवय लागायला वावच मिळत नाही. त्यात त्याचा दोष नाही.

आता याच शिडीचा हिशेब दुसऱ्या बाजूने मांडून पाहू. इंजिनिअर झालेला मुलगा तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून लागतो आणि प्रशिक्षण संपलं की ई-३ श्रेणीत कायम होतो. दुसरा मुलगा सरदार म्हणून लागतो, ओव्हरमन होतो, पाळ्या सांभाळून परीक्षा देतो आणि चाळिशी ओलांडल्यावर कधीतरी अधिकारी वर्गात येतो. खाण दोघांनाही ठाऊक आहे, बहुधा दुसऱ्याला जास्त. पण निवृत्तीचं वय दोघांचं साठ. पुढच्या प्रत्येक पायरीवर ठरावीक वर्षं काढावीच लागतात आणि दुसऱ्याची वर्षं पहिल्याच पायऱ्यांवर संपलेली असतात. तो संचालक का झाला नाही याचं उत्तर त्याच्या गुणात शोधायला जाऊ नये, ते त्याच्या नेमणुकीच्या पहिल्या पत्रातच लिहिलेलं असतं. रेल्वेत निदान एक खिडकी ठेवली आहे: ‘क’ गटातून ‘ब’ गटात जाताना सत्तर टक्के जागा निवडीने आणि तीस टक्के मर्यादित विभागीय स्पर्धा परीक्षेने भरतात. त्या तीस टक्क्यांतून तरुण वयात अधिकारी झालेली माणसं पुढे कुठवर गेली, ते नागपूरच्या दोन्ही विभागांत कोणीही सांगेल.

वरच्या टोकाला वयाचं गणित अधिकच कडक होतं. केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांचे संचालक आणि अध्यक्ष-व्यवस्थापकीय संचालक निवडायला १९७४ पासून पब्लिक एंटरप्रायझेस सिलेक्शन बोर्ड आहे. मुलाखत दिल्लीत. त्यानंतर विजिलन्स क्लिअरन्स, मग मंत्रिमंडळाच्या नियुक्ती समितीची मान्यता. यात एक अट अशी की जागा रिकामी होईल त्या तारखेला घरच्या उमेदवाराची किमान दोन वर्षं नोकरी उरलेली हवी, बाहेरच्याची तीन. म्हणजे जागा एप्रिलमध्ये रिकामी होणार आणि तुमचा जन्म मार्चचा असेल तर तुम्ही बाद, मेचा असेल तर पात्र. बरेच लोक याला नशीब म्हणतात. मी म्हणणार नाही. ज्याची पस्तिशीतली एक बढती दोन वर्षं अडकली, त्याने ती दोन वर्षं अठ्ठावन्नाव्या वर्षी मोजली. एका विभागीय पदोन्नती समितीची (डीपीसीची) बैठक ‘पुढच्या तिमाहीत घेऊ’ म्हणून ढकलली जाते तेव्हा तिथे कोणाच्या तरी वीस वर्षांनंतरच्या मुलाखतीचा निकाल लागत असतो.

डीपीसीचा विषय निघालाच आहे. माझी नोकरीची बरीच वर्षं कार्मिक विभागात गेली, कुठल्या ते इथे महत्त्वाचं नाही. विभागीय पदोन्नती समितीची बैठक बाहेरून फार गूढ वाटते. आत एक लांब टेबल असतं, चहा, मारी बिस्किटं, ज्येष्ठता यादी, पाच वर्षांच्या गोपनीय अहवालांचा (सीआर) तक्ता, आणि जेवणाआधी संपवायची घाई. बहुतेक नावं गुणांवरच निघून जातात. अडतं ते शेवटच्या दोन-तीन जागांवर, जिथे पाच-सहा जणांचे गुण जवळजवळ सारखे असतात. मग अध्यक्ष चष्मा काढतात आणि विचारतात, “ये कौन है? किसी ने देखा है इसका काम?” एक जण म्हणतो, “सर, वो ड्रॅगलाइन का ब्रेकडाउन हुआ था ना, तब इसी के पास चार्ज था.” “अच्छा, वो!” झालं. खालच्या नावापाशी आवाज येतो, “अच्छा लडका है सर, शांत है.” त्या शांत मुलाचा तक्ता पुढे सरकतो आणि त्याच्यावर पुढच्या वर्षापर्यंत कोणी बोलत नाही. दोघांच्या कामात फरक असेलच असं नाही. एकाचं काम दिसण्याची वेळ आली होती, दुसऱ्याची आली नव्हती.

हार्वर्डच्या रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ च्या आपल्या पुस्तकात अमेरिकी कंपनीबद्दल जे लिहिलं ते इथे तंतोतंत लागू पडतं: काम जितकं अनिश्चित आणि मोजायला कठीण, तितके वरचे लोक आपल्यासारख्याच माणसावर विश्वास टाकतात. आपल्यासारखा म्हणजे आपल्या कॉलेजचा, आपल्या भाषेचा, संध्याकाळी आपल्याबरोबर क्लबात बसणारा. यात कोणी मुद्दाम अन्याय करायला बसलेलं नसतं. म्हणून तर तो पकडायला अवघड.

गोपनीय अहवाल बरीच वर्षं खरोखरच गोपनीय होता. वाईट शेरा असला तरच कळवायचा, ‘चांगला’ असेल तर कळवायची गरज नाही, अशी रीत होती. देव दत्त नावाचे एक अभियंता सीमा रस्ते सेवेत कार्यकारी अभियंता होते. अधीक्षक अभियंता व्हायला ‘अति उत्तम’ शेरे हवे होते आणि एका वर्षी त्यांना नुसता ‘चांगला’ मिळाला होता. ‘चांगला’ शेऱ्यामुळे त्यांची बढती गेली आणि तो शेरा आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने मे २००८ मध्ये निकाल दिला की प्रत्येक शेरा, मग तो कितीही बरा असो, कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. त्यानंतर केंद्र सरकारात अहवाल उघड झाले. तरीही तरुण अधिकारी अहवालातलं स्वतःचं मूल्यमापन शेवटच्या दिवशी, मागल्या वर्षीचं उतरवून भरतात. सहा वर्षांनी तोच कागद त्यांच्या वतीने बोलणार असतो. हे वाचून कोणी एकाने जरी तो रकाना नीट भरला तर या प्रस्तावनेची शाई वसूल झाली.

बदलीबद्दल नागपूरकरांशी बोलणं नाजूक असतं. कोल इंडियाचे अधिकारी अखिल भारतीय संवर्गातले: आज उमरेड, उद्या धनबाद, परवा सिंगरौली किंवा संबलपूर. मुलगी दहावीत, आई-वडील महालातल्या जुन्या घरात, बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत. अशा वेळी बढतीचं पत्र घरात येतं तेव्हा पेढे आणायचे की अर्ज लिहायचा, यावर रात्रभर चर्चा होते. बँकेतल्या क्लार्कना हे चांगलंच ठाऊक आहे. ऑफिसर झालं की बाहेरची शाखा आलीच, म्हणून वर्षानुवर्षं बढती नाकारणारी हुशार माणसं प्रत्येक बँकेत सापडतात, त्यात बायका फार. त्यांना महत्त्वाकांक्षा नाही असं म्हणणाऱ्या साहेबाच्या घरी स्वयंपाक कोण करतं हे विचारून घ्यावं.

मुख्यालयाच्या गावाचा एक सापळाही असतो, तो नागपुरात नेहमी दिसतो. साहेबांच्या दालनाबाहेरची खुर्ची मिळाली की वाटतं, आता आपण वर पोचलो. रोज दर्शन आहे, संचालक नावाने हाक मारतात, घर धरमपेठेत, मुलं सोमलवारमध्ये. अशी बारा-पंधरा वर्षं जातात. पण मुख्यालयात असतात त्या फाइली. खाण, डेपो, शाखा, विभाग बाहेर असतात. वणी, माजरी, पाथाखेडा, पेंच इथे गेलेला माणूस धूळ खातो, तिथल्या युनियनशी भांडतो, जमिनीच्या मोबदल्यासाठी बसलेल्या गावकऱ्यांना सामोरा जातो, आणि त्याच्या नावावर काहीतरी जमा होतं: इतका कोळसा, इतकी माणसं, अमुक पावसाळा. मुलाखतीत विचारतात ते हेच. “तुम्ही काय चालवलं?” या प्रश्नाला “मी समन्वय केला” हे उत्तर फार तोकडं पडतं.

विदर्भात आणखी एक प्रकार आहे, प्रभारीपणाचा. पुण्या-मुंबईकडचे अधिकारी इकडची नेमणूक टाळतात, पदं रिकामी राहतात. नागपूर-अमरावती विभागातल्या जागा आधी भराव्यात म्हणून राज्य शासनाला २०१० मध्ये महसुली विभाग वाटपाची नियमावली करावी लागली. ती पुढे पुन्हा पुन्हा बदलली, यावरूनच प्रश्न किती चिवट आहे ते कळतं. जागा रिकामी राहिली की हाताखालच्या माणसाला ‘अतिरिक्त कार्यभार’ मिळतो. वरवर पाहता माझ्या म्हणण्याप्रमाणे ही पर्वणीच. प्रत्यक्षात बरेचदा उलट होतं. काम वरच्या पदाचं, पगार आपल्याच पदाचा, वर किरकोळ भत्ता; मोठ्या खर्चावर सही करायची मुभा नाही, धोरण बदलायची हिंमत नाही, कारण उद्या नियमित अधिकारी हजर होईल. चूक झाली तर मात्र प्रभारी जबाबदार. असे तीन-चार वर्षं प्रभारी राहिलेले लोक मी पाहिले आहेत, अहवालात त्याची ओळही नव्हती, कारण अहवाल मूळ पदाचा भरतात. याला मी चार्ज म्हणत नाही.

बायकांचं प्रकरण सगळ्यात स्पष्ट आहे आणि तेही पुन्हा खाणीतलंच. एके काळी भूमिगत खाणीत बायका टोपल्या वाहत होत्या. १९३७ पर्यंत त्यांना बाहेर काढण्यात आलं. महायुद्धात कोळसा कमी पडला तशी १९४३ मध्ये ती बंदी उठवली गेली, मध्य प्रांतातही. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं आणि त्यावरच्या टीकेला विधिमंडळात त्यांनाच तोंड द्यावं लागलं. १९४६ मध्ये बंदी परत आली. मग १९५२ च्या खाण कायद्याच्या कलम ४६ ने भूमिगत काम बायकांना बंद केलं, जमिनीवरही संध्याकाळी सात ते सकाळी सहा बंद. हेतू संरक्षणाचा होता, पण त्याची किंमत पुढे निघाली. मॅनेजरच्या प्रमाणपत्राला खाणीतला अनुभव हवा, अनुभवाला खाणीत उतरायला हवं, आणि उतरायला बंदी. म्हणजे वरच्या पायरीवर ‘बायकांना मनाई’ असं लिहिण्याची गरजच नव्हती, पहिली पायरी काढून टाकली की झालं.

नागपूरच्या चंद्राणी प्रसाद वर्मा यांना मायनिंग शिकायचं होतं. प्रवेशासाठी त्यांना न्यायालयापर्यंत जावं लागलं. १९९९ मध्ये त्या रामदेवबाबा अभियांत्रिकी महाविद्यालयातून खाण अभियंता झाल्या, देशातल्या पहिल्या. पुढे त्यांनी संशोधनाची वाट धरली आणि सिम्फर या खाण व इंधन संशोधन संस्थेच्या नागपूर केंद्रात शास्त्रज्ञ म्हणून नाव कमावलं. बंदी शिथिल झाली २०१९ च्या सुरुवातीला: लेखी संमतीने, दिवसा, तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी बायकांना भूमिगत खाणीत जायची परवानगी मिळाली. म्हणजे टोपली वाहायला १९४३ मध्ये परवानगी मिळाली आणि खाण चालवायला २०१९ मध्ये. आज ज्या मुली ट्रेनी म्हणून खाली उतरताहेत त्यांच्यातली एखादी एरियाची जनरल मॅनेजर व्हायला, मधे काही अडलं नाही तर, वीसेक वर्षं लागतील. तोवर संचालक मंडळात बायका येतात त्या बहुधा कार्मिक किंवा वित्त खात्यातून, नाहीतर कंपनी कायदा २०१३ च्या सक्तीमुळे स्वतंत्र संचालक म्हणून. ‘टेक्निकल’च्या खुर्चीवर कधी, हा खरा प्रश्न.

जातीबद्दल दीक्षाभूमीच्या शहरात बसून गप्प राहणं बरं दिसणार नाही. १९९५ च्या ७७ व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी बढतीतलं आरक्षण घटनेत आलं. महाराष्ट्रात २५ मे २००४ च्या शासन निर्णयाने ते लागू होतं, ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि मामला सर्वोच्च न्यायालयात गेला. मे २०२१ मध्ये राज्याने बढतीच्या सगळ्या जागा ज्येष्ठतेने भरायचं ठरवलं तेव्हा नागपुरात मोर्चे निघाले. या कोर्टकचेरीत एक गोष्ट झाकली जाते. आरक्षण पायऱ्यांच्या खालच्या भागात काम करतं. सार्वजनिक उपक्रमांच्या संचालकपदांना ते नाही, खाजगी कंपन्यांत तर नाहीच. तिथे पुन्हा “किसी ने देखा है इसका काम?” हाच प्रश्न येतो. आणि ज्याला वर्षानुवर्षं दक्षता, प्रशिक्षण, कल्याण अशा कडेच्या खात्यांत ठेवलं, उत्पादनाचा चार्ज कधी दिला नाही, त्याचं काम कोण बघणार? आरक्षणाचं रोस्टर पूर्ण झालं म्हणून हे संपत नाही. कोणत्या जातीच्या माणसाला कोणती खाती मिळाली, याचा तक्ता एकदा तरी प्रत्येक संस्थेने स्वतःपुरता मांडावा.

खाजगी क्षेत्राबद्दल थोडक्यात. नागपूरचे मोठे उद्योग बहुतांश घरचे आहेत. तिथे व्यावसायिक मॅनेजर जनरल मॅनेजरपर्यंत जातो, नंतर आडनाव लागतं. याला टाटांची गिरणीही अपवाद नव्हती, बेझनजींच्या मागून त्यांचे चिरंजीव सोराबजी त्याच गिरणीचा कारभार बघू लागले आणि तेही सर झाले. आयटीत आडनाव लागत नाही, गाव सोडावं लागतं. मिहान आल्यावर बरीच पोरं पुण्या-बंगळुरूहून घरी परतली, पण मोठ्या प्रकल्पाचा आणि ग्राहकाचा चार्ज अजून तिकडेच आहे असं ती सांगतात.

राहता राहिलं शिक्षण. नागपुरात २०१५ पासून आयआयएम आहे, मिहानमध्ये त्याचा देखणा परिसर २०२२ मध्ये उघडला, आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी अभ्यासक्रमांची वाण नाही. जरूर करावेत. ताळेबंद वाचता न येणारा तांत्रिक संचालक ही सगळ्यांचीच डोकेदुखी असते, आणि मराठी शाळेतून आलेल्या मुलाला दिल्लीच्या मुलाखतीतल्या इंग्रजीची भीड मोडायला तो वर्ग उपयोगी पडतो. (हिंदीची भीड नागपूरकराला नसतेच, धनबाद-सिंगरौलीला तो पहिल्याच दिवशी रुळतो, हा आपला न मोजलेला फायदा.) पण अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिपच्या मॅकॉल आणि सहकाऱ्यांनी यशस्वी व्यवस्थापकांना विचारलं की तुम्हाला कशाने घडवलं, तेव्हा वर्गाचं नाव फार थोड्यांनी घेतलं. त्यांचं पुस्तक १९८८ चं. बहुतेकांनी सांगितलं: अवघड काम अंगावर पडलं होतं, किंवा एक साहेब होता. आपल्याकडे ई. श्रीधरनांचं उदाहरण आहेच. १९६४ च्या वादळात पांबन पूल उद्ध्वस्त झाला, काम बत्तीस वर्षांच्या या अभियंत्याकडे आलं आणि त्यांनी तो ४६ दिवसांत उभा केला. कोकण रेल्वे त्यांच्याकडे नंतर आली, आधी पांबन होतं. आणि पांबनच्याही आधी, बत्तिशीतल्या पोराच्या हाती हे द्यावं असं ज्याला वाटलं असा कोणीतरी वर बसला होता.

त्या वर बसलेल्या माणसाबद्दल आपण फार कमी बोलतो. करिअरची पुस्तकं चढणाऱ्यासाठी लिहिली जातात. हे पुस्तकही बरंचसं त्याच्यासाठीच आहे: पुढच्या पानांत त्याला परीक्षांचे नियम, अहवालाची भाषा, बदलीचा हिशेब आणि दिल्लीच्या मुलाखतीची तयारी असं कामाचं पुष्कळ सापडेल. तरुण वाचकाने ही प्रस्तावना इथे सोडून सरळ तिकडे जावं.

विभागप्रमुख, शाखाधिकारी, एरिया मॅनेजर अशा खुर्चीत बसलेल्या वाचकाशी मात्र दोन शब्द बोलायचे आहेत. तुम्ही पुढच्या महिन्यात रजेवर जाल तेव्हा चार्ज कोणाकडे देता? बहुधा दर वेळी त्याच एका माणसाकडे, जो तुमच्यासारखा विचार करतो आणि काही बदलत नाही. या वेळी यादी काढा. जिला अजून कधी मिळाला नाही ती बाई, जो नेहमी कडेच्या खात्यात राहिला तो अधिकारी, जो बैठकीत शांत असतो तो मुलगा, यांच्यातल्या एकाकडे द्या. तोंडी देऊ नका, कार्यालयीन आदेश काढा, सहीचे आणि खर्चाचे अधिकार त्यात लिहा, परत आल्यावर त्या माणसाने घेतलेले निर्णय फिरवू नका आणि वर्षअखेर त्या माणसाच्या अहवालात या चार्जची नोंद करा.